दोन पॉइंटांचा एक मैल

उदगीर
६ जानेवारी २०२५

चि. अक्षरा,
शरणार्थ आणि अनेक आशीर्वाद.

नावाआधी 'सौ.' लिहायला हात गेला होता. सवयीचा हात. मग थांबलो. त्याजागी काय लिहावं ते सुचलं नाही म्हणून नुसतं नाव लिहिलं. राग मानू नको.

फोनच केला असता, पण तुझा जुना नंबर लागत नाही. लागला असता तरी माझे कान आता पार गेलेत. यंत्र घातलं की शिट्टी वाजते, काढलं की सगळंच बंद. तू विचारशील एक आणि मी सांगीन भलतंच. तुझ्या माहेरचा, साखराबाईंच्या घरचा पत्ता जुन्या डायरीत होता, त्यावर हे टाकून राहिलो.

काम असं आहे. मला पोराकडं, उमाकडं दुबईला जायचंय. लातूरला शिवप्पा म्हणून तिकिटं काढून देणारा एजंट आहे, आपल्याच समाजातला. त्यानं सांगितलं, अप्पा, विमान कंपनीत तुमच्या नावाचं खातं दिसतंय, त्यात थोडे मैल पडून आहेत आणि मार्चअखेर ते बाद होणार. मला आधी काही कळेना. मग आठवलं. तुझ्या अव्वाच्या, गंगम्माच्या हार्टच्या ऑपरेशनला आपण हैदराबादहून बंगळूरला विमानानं गेलो होतो, तेव्हा तूच आम्हा दोघांची खाती काढली होतीस. तू म्हणाली होतीस, अप्पा, जितकं उडाल तितकं जमा होईल. गंगम्मा हसली होती.

आता ते खातं उघडायचं तर जो आकडा लागतो तो तुझ्या ईमेलवर जातो म्हणे. तेवढा पाठवशील का? शिवप्पा बाकीचं बघतो.

उमानं बोलावलंय. त्याला सवड मिळून नाही राहिली म्हणून तो इकडं येत नाही, एवढंच.

दुकान मोबाइलवाल्याला भाड्यानं दिलंय. मी बाहेर खुर्ची टाकून बसतो. साखराबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझा
मलप्पा

*

नांदेड
२१ जानेवारी

ती. अप्पा,
सादर शरणार्थ.

पत्र मिळालं. कॉलेजच्या परीक्षा चालू होत्या म्हणून उत्तराला उशीर झाला.

मी तुमचं खातं उघडून पाहिलं. त्यात जे मैल आहेत त्यात दुबई सोडा, हैदराबाद ते बंगळूर एका बाजूचं तिकीटही निघणार नाही. शिवप्पांना नीट माहिती नसावी. त्यासाठी आकडा मागवण्यात अर्थ नाही.

उमाशंकरने बोलावलं असेल तर तिकीटही तोच काढेल. त्याला ते अवघड नाही. मी या व्यवहारात नसलेलं बरं, हे तुम्हाला समजेल.

कानाच्या यंत्राची शिट्टी वाजते म्हणजे ते कानात नीट बसत नाही. लातूरला दाखवून साचा नव्याने करून घ्या. तसंच घालून बसू नका. रक्तदाबाची गोळी सकाळीच घेता ना? दुपारी घेतली की तुम्हाला गरगरतं.

घरी बाकी ठीक.

अक्षरा

*

उदगीर
२८ जानेवारी

चि. अक्षरा,
शरणार्थ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गोळीचं तुला अजून ध्यानात आहे. मी दुपारीच घेत होतो. आता सकाळी घेतो.

खोटं बोललो होतो ते आधी सांगून टाकतो. उमानं बोलावलं नाही. रविवारी तो व्हिडिओ लावतो. समोर त्याचं तोंड हलताना दिसतं, मला काही ऐकू येत नाही, मी आपला मान हलवतो. मग तो हात हलवतो आणि बंद करतो. पूर्वी पंधरा मिनिटं चालायचं. आता मान हलवून हलवून किती हलवणार? मागल्या दिवाळीला येतो म्हणाला होता. त्याआधीच्या दिवाळीलाही.

घरात बोलायला कोणी नाही, म्हणून ऐकू येत नाही याचं दिवसभर काही वाटत नाही. रविवारी तेवढं वाटतं.

मी न सांगता जाणार आहे. सांगितलं तर तो म्हणणार, आता नको, पुढं बघू. दारात उभा राहिलो की काय करील? व्हिसा शिवप्पा काढून देतो, पर्यटकाचा.

एक विचारायचं होतं. बँकेनं मला एक क्रेडिट कार्ड दिलंय, दुकानाचा माल भरताना वापरायचो. त्याचे पॉइंट असतील. ते विमानाच्या खात्यात वळतात का? नसतील वळत तर राहू दे. तुझ्याकडं काही मागत नाही. फक्त माहिती.

साखराबाईंनी या खेपेला काही लिहिलं नाही. तू माहेरी गेलीस की तुझ्या पत्राखाली त्यांच्या दोन ओळी असायच्याच, 'विहीणबाईंची तब्येत जपा' म्हणून. त्यांचे गुडघे कसे आहेत?

मलप्पा

*

नांदेड
९ फेब्रुवारी

ती. अप्पा,
शरणार्थ.

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. मागच्या पत्रात मी 'घरी बाकी ठीक' लिहिलं, ते खरं नव्हतं.

आई गेली. मागच्या वर्षी श्रावणात. पोटाचा कॅन्सर होता. कळलं तेव्हा उशीर झाला होता. आठ-नऊ महिने मी तिला घेऊन हैदराबादला ये-जा करत होते. तुम्हाला कळवलं नाही. कळवायचं होतं. पोस्टकार्ड आणूनही ठेवलं होतं. पण कोण म्हणून कळवू ते कळेना. फारकत झाल्यावर तुमच्याकडून कोणी आलं नाही आणि मीही कोणाला बोलावलं नाही. मामा आले होते, परभणीचे. तिसऱ्या दिवशी गेले.

तुमच्या पहिल्या पत्रात आईला नमस्कार होता. वाचून मला इतका राग आला की काय सांगू. तुमचा नाही. पण तो तुमच्यावरच निघाला आणि मी कोरडं उत्तर लिहिलं.

आता तुमच्या प्रश्नाचं. तुमच्या बँकेचं कार्ड त्या विमान कंपनीशी जोडलेलं नाही, त्यामुळे त्याचे पॉइंट वळत नाहीत. माझं वळतं. बंगळूरच्या नोकरीत घेतलेलं तेच कार्ड अजून माझ्याकडे आहे. दवाखान्याचं सगळं बिल मी त्यावर भरलं. केमोच्या प्रत्येक खेपेला पैसे गेले की लगेच मोबाइलवर मेसेज यायचा, 'अभिनंदन, तुम्हाला इतके पॉइंट मिळाले.' आई आत सलाइनवर आणि बाहेर बाकावर मला अभिनंदन. नंतर मी ते मेसेज उघडणंच सोडून दिलं.

ते पॉइंट तसेच पडून होते. बँकेची बाई फोन करून सांगायची, मॅडम, मिक्सर घ्या, बॅग घ्या, कुठे फिरून या. मला त्या पॉइंटांचं काहीच घ्यावंसं वाटलं नाही. त्याचा मिक्सर घेऊन मी रोज चटणी कशी वाटणार, सांगा.

परवा तुमचं पत्र वाचल्यावर मी ते विमानाच्या खात्यात वळवले. दोन पॉइंटांचा एक मैल होतो. कार्डावरचं नाव आणि विमानाच्या खात्यावरचं नाव एकच लागतं, म्हणून ते माझ्याच खात्यात घेतले. तिथून तुमचं तिकीट निघेल. जाऊन-येऊन दोन्ही. एकदा वळवले की ते परत कार्डात येत नाहीत, तेव्हा नको म्हणू नका. म्हणून तरी उपयोग नाही.

मी कोणाकोणाचं तिकीट काढू शकते त्यांची नावं खात्यात पूर्वीच भरलेली आहेत. चार नावं. आई, अव्वा, उमाशंकर आणि तुम्ही. दोघी आता नाहीत. एकाशी माझा संबंध नाही. तुमच्या नावापुढे अजून 'सासरे' असंच आहे. ते बदलायला गेलं तर पंधरा कागद मागतात, म्हणून मी तसंच ठेवलं.

पासपोर्टाचा फोटो शिवप्पांकडून ईमेलवर पाठवा. तारीख कळवा.

अक्षरा

*

उदगीर
१४ फेब्रुवारी

अक्षरा पोरी,

तुझं पत्र पोस्टमननं दुकानासमोर दिलं. तिथंच वाचलं. मग उठून आत गेलो आणि दार लावलं.

साखराबाई गेल्या आणि मला माहीत नाही. गंगम्मा अंथरुणावर होती तेव्हा तू दीड वर्ष तिचं सगळं केलंस. उमा तिकडं गेलेला, सहा महिन्यांत तुला बोलावून घेतो म्हणालेला. त्यानं बोलावलं नाही, तरी तू इथं राहिलीस. गंगम्माला न्हाऊ घालायचीस, तिच्या गळ्यातलं लिंग काढून पूजेला हातात द्यायचीस. ती गेली तेव्हा साखराबाई पहिल्या गाडीनं आल्या होत्या. आणि त्यांच्या वेळेला आमच्या घरातून एक माणूस नाही.

उमाचे कागद आले तेव्हाही मी काही बोललो नाही. मुलगा आहे म्हणून गप्प बसलो. तू बॅग भरून निघालीस, मी स्टँडवर सोडायला आलो आणि तुला पाण्याची बाटली घेऊन दिली. तेवढंच केलं.

आता तू सगळं उघडं लिहिलंस, तर मीही लिहितो. उमाला मुलगा झालाय. ऑक्टोबरात. दुसरी सून लखनऊकडची आहे. तुला कळू नये म्हणून मी लिहिलं नव्हतं. मला त्या बाळाला बघायचंय, त्यासाठी चाललोय. गंगम्मानं चांदीची करडगी करून ठेवली होती, नातवाच्या गळ्यात लिंग त्या डबीत घालून बांधायला. ती कपाटात आहे.

हे ऐकून तुला तिकीट काढायचं नसेल तर काढू नको. ते मैल तुझ्या आईच्या दुखण्यातले आहेत. त्यावर मी कोण बसणार?

आणखी एक. तिकिटापुरते पैसे माझ्याकडं आहेत. दुकानाचं भाडं येतं, मला एकट्याला काय लागतं? शिवप्पानं खात्याचं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, चला, अक्षराला पत्र लिहायला काही निमित्त झालं.

मलप्पा

*

नांदेड
२ मार्च

ती. अप्पा,
शरणार्थ.

बाळाचं मला माहीत होतं. बंगळूरच्या जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीने फोटो पाठवला होता, का पाठवला देव जाणे. तुम्ही लपवलंत हे चांगल्या मनाने केलंत. पण मला आता कोणी काही लपवलेलं नको आहे. चांगल्या मनानेसुद्धा.

तुमचं तिकीट काढलं. सोबत छापील प्रत आहे. बारा मार्चला हैदराबादहून, परत तीन एप्रिलला. खिडकीजवळची जागा घेतली आहे. तुम्ही बंगळूरला जाताना अव्वाला खिडकी दिली होती आणि मध्ये बसून तिच्या खांद्यावरून बघत होता. या वेळी तुम्ही बसा.

पैसे आहेत हे मलाही वाटलंच होतं. असू देत. ते मैल कोणीतरी कोणालातरी भेटायला जाण्यात संपावेत, एवढंच मला हवं होतं. बाळाला बघायला जाताय हे कळून मला बरं वाटलं का? नाही वाटलं. दोन दिवस मी चिडचिड केली, वर्गात पोरींवर ओरडले. मग तिकीट काढलं.

विमानतळावर चाकाची खुर्ची मागवून ठेवली आहे. चालता येतं म्हणून ती नाकारू नका. खुर्चीबरोबर एक माणूस असतो, तो तुम्हाला योग्य दारापर्यंत नेतो. तिथे सगळं माइकवर पुकारतात, ते तुम्हाला ऐकू येणार नाही. सोबत एक चिठ्ठी आहे, हिंदीत आणि इंग्रजीत: 'मला ऐकू येत नाही, कृपया लिहून सांगा.' ती शर्टाच्या खिशात ठेवा, बॅगेत नको.

करडगी सामानात टाकू नका. अंगावर ठेवा.

पोचल्यावर कसं आहे ते कळवा. नाही जमलं तरी चालेल.

अक्षरा

*

नांदेड
२५ मार्च

ती. अप्पा,
शरणार्थ.

हे पत्र तुम्ही घरी याल तेव्हा दाराच्या आत पडलेलं मिळेल.

काल तुमच्या मुलाचा ईमेल आला. दोन वर्षांनी. 'अप्पांची परतीची तारीख अलीकडे घ्यायची आहे, तिकीट तुझ्या खात्यातून आहे म्हणून तूच बदलू शकतेस. शक्यतो सत्तावीस.' एवढंच. खाली 'धन्यवाद'.

मी का म्हणून विचारलं नाही. उरलेले मैल त्या बदलात गेले. आता खातं रिकामं आहे.

तुमची तब्येत बिघडली का, पडलात का, की आणखी काही, याचा मी कालपासून विचार करते आहे. विचारायला त्याचाच पत्ता आहे आणि त्याला विचारायचं नाही. हैदराबादला घ्यायला यावं असंही मनात आलं, पण येणार नाही. सत्तावीसला पेपर तपासणी आहे हे एक कारण. दुसरं असं, की कदाचित शिवप्पा आलेले असतील, आणि मी कोण म्हणून उभी राहू?

घरी पोचलात की दोन ओळी लिहा. फक्त पोचलो एवढं लिहिलंत तरी पुरे.

अक्षरा

*

उदगीर
७ एप्रिल

अक्षरा पोरी,
शरणार्थ.

पोचलो. तब्येत ठीक आहे. पडलो नाही. आधी हे लिहिलं, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

हैदराबादला कोणी आलं नव्हतं. शिवप्पाला मी कळवलंच नाही. बिदरच्या गाडीनं आपला आपण आलो. दार उघडलं तर तुझं पत्र.

आता झालं ते सांगतो. जाताना काही त्रास झाला नाही. खुर्ची ढकलणारा माणूस तेलंगणातला निघाला, धर्माबादला त्याची बहीण दिलेली. तुझी चिठ्ठी वाचून त्यानं मला सगळं हातवाऱ्यांनी सांगितलं. खिडकीत बसलो. खाली नुसतं पाणी, मग नुसती वाळू. बघायला सोबत कोणी नव्हतं.

टॅक्सीवाल्याला पत्त्याचा कागद दाखवून उमाच्या दारात उभा राहिलो तेव्हा नव्या सूनबाईंनी दार उघडलं. त्यांनी मला फोटोत पाहिलं होतं, ओळखलं, पदर नव्हता तरी खांद्यावर हात नेला आणि वाकल्या. चांगली मुलगी आहे. तुला वाईट वाटलं तरी लिहितो, कारण लपवू नका म्हणालीस. उमा संध्याकाळी आला. मला बघून दारातच थांबला. मग पाया पडला. मला वाटलं, झालं, आलो ते बरं झालं.

पण पोरी, तिथं दिवस लई मोठा. घर उंचावर, खिडकी उघडत नाही. उमा सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. सूनबाई हिंदी बोलतात, मला ऐकू येत नाही, मी बोलतो ते त्यांना समजत नाही. त्या ताट वाढायच्या, मी जेवायचो, मग त्या बाळाला घेऊन आतल्या खोलीत. रमजान चालू होता. इथं चौबाऱ्याच्या चौकात रमजानात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, खजूर, भजी, गर्दी. तिथं मी काचेतून खाली बघायचो. रस्ता, गाड्या, माणूस दिसायचं नाही. इथं खुर्ची टाकून बसलो की निदान येणारा-जाणारा हात वर करतो.

बाळ गुटगुटीत आहे. दुपारी सूनबाई न्हायला गेल्या की माझ्याजवळ ठेवायच्या. एकदा ते रडून राहिलं, तोंड लाल झालं, आणि मला ऐकूच आलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो. त्या ओल्या केसांनी धावत आल्या. मला काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर माझ्याजवळ ठेवलं नाही. त्यांचं बरोबर होतं.

करडगी दिली. बाळाच्या गळ्यात घालून उमानं फोटो काढला, मग ती काढून ठेवली. म्हणाला, अप्पा, लिंग वगैरे मोठा झाल्यावर बघू.

दहाव्या-अकराव्या दिवशी उमा माझ्याजवळ बसला आणि मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. 'अप्पा, सांगून यायला पाहिजे होतं. हिचे आईवडील एक तारखेला येणार आहेत, आधीचं ठरलेलं आहे. घरात एवढी जागा नाही.' तोंडानं बोलला असता तर अर्धं मला ऐकू आलं नसतं. लिहिलेलं सगळं वाचलं.

मी म्हटलं, "बरं. तारीख बदलून घे."

त्यानं लिहून विचारलं, 'तिकीट कोणी काढलं?'

मी म्हटलं, "अक्षरानं."

त्यानं मग लिहिलं, 'किती झाले ते सांगा, मी तिला पाठवतो.'

मी म्हटलं, "ते पैसे न्हाईत उमा. साखराबाईंच्या दवाखान्यातनं जमलेले पॉइंट हायेत ते. त्या गेल्या."

त्यालाही माहीत नव्हतं. तो मोबाइल उलटा धरून बसून राहिला. सूनबाई आतून आल्या, त्याच्याकडं बघून परत गेल्या. त्यानं मला विचारलं, "ती कशी हाय?" तेवढं मला ओठांवरून कळलं. मी म्हटलं, "मला नको विचारू. तिला विचार." त्यानं तुला विचारलं नाही, हे तुझ्या पत्रावरून दिसतंच आहे.

मुलगा वाईट नाही माझा. त्याच्या घरात माझ्या मापाची जागा नाही, एवढंच.

विमानतळावर सोडायला आला. तिथं गलका फार, यंत्र शिट्टी मारून राहिलं म्हणून मी काढून खिशात ठेवलं होतं. आत जायच्या आधी त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ काही बोलत राहिला. डोळे भरले होते त्याचे. मी मान हलवत राहिलो, रविवारसारखी. खुर्चीवाल्यानं मला आत नेलं. मग वाटलं, आपण 'परत सांग' का म्हटलं नाही? काय बोलला असेल? घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. आता फोनवर विचारावं तर ते तसं परत येत नसतं.

साखराबाई गेल्या त्याचं भेटायला यायचं राहिलंय. आठ महिने होऊन गेले. तुला चालत असेल तर येतो. नको असेल तर तसं लिही, मी इथूनच हात जोडतो.

मलप्पा

*

नांदेड
१५ एप्रिल

ती. अप्पा,
शरणार्थ.

या. रविवारी या, मला सुट्टी असते. मुखेडवरून येणारी एसटी घ्या, ती दुपारच्या आत पोचते. स्टँडवर मी येईन, रिक्षा शोधत बसू नका.

ऊन फार आहे. टोपी घाला, पाणी बरोबर ठेवा.

तुमचं पत्र मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वाचलं. वाचताना उमाशंकरचा राग येईल असं वाटलं होतं. तुम्ही मान हलवत राहिलात तिथवर वाचत आले आणि मला पुढचं दिसेना.

अक्षरा

*

उदगीर
५ मे

चि. अक्षरा,
शरणार्थ.

नीट पोचलो. एसटीत खिडकीची काच निसटली होती, जळकोटपर्यंत धूळ खात आलो. बाकी काही नाही.

तुझ्या हातची भाकरी बऱ्याच दिवसांनी खाल्ली. साखराबाईंच्या फोटोसमोर बसल्यावर काय बोलायचं ते मी वाटेत ठरवून आलो होतो. तिथं बसलो आणि सगळं विसरलो. तू आत चहा करत होतीस तेव्हा मी त्यांना नुसतं म्हटलं, विहीणबाई, उशीर झाला. मोठ्यानं बोललो असेन, बहिऱ्याला अंदाज राहत नाही. तुला ऐकू गेलं असेल तर गेलं.

तुझ्या घरात दोनच ताटं आहेत ते बघितलं. एक कधी वापरलेलं दिसलं नाही, त्यावर कागदी चिठ्ठी तशीच होती. मी भांड्यांच्या दुकानात आयुष्य काढलंय, मला दिसतं. चिठ्ठी गरम पाण्यात टाकली की निघते.

एक विचारायचंय. मी निघताना दारात पायताण घालून राहिलो तेव्हा शेजारची बाई दुधाचं पातेलं घेऊन आली. तिनं माझ्याकडं बघून तुला काही विचारलं. तू जरा थांबलीस. मग काही बोललीस आणि ती माझ्याकडं बघून हसली, मान लववून गेली. यंत्र कानात होतं, पण रस्त्यावरून टेम्पो गेला.

विमानतळावर विचारायचं राहून गेलं, ते अजून टोचतं. म्हणून हे विचारतो. ती काय म्हणाली आणि तू काय म्हणालीस?

मलप्पा

*

नांदेड
११ मे

ती. अप्पा,
शरणार्थ.

त्या रुक्मिणबाई. शेजारी नव्यानेच राहायला आल्या आहेत, त्यांना माझं मागचं काही माहीत नाही. त्यांनी विचारलं, "हे कोण तुमचे?"

मी थांबले, हे तुमचं बरोबर आहे. 'सासरे' म्हणावं तर तसं आता नाही. 'नात्यातले' म्हटलं असतं तर त्यांनी कसलं नातं ते विचारलं असतं, आणि मला ते सांगता आलं नसतं. 'ओळखीचे' हा शब्द तोंडापर्यंत आला होता. तुम्ही वाकून पायताणाचा पट्टा लावत होता, आणि तो शब्द माझ्याच्याने बोलवला नाही.

मी म्हटलं, "उदगीरचे अप्पा आहेत. अधूनमधून येत असतात."

त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, मला वाटलं तुम्हाला कुणीच नाही."

तुम्ही पहिल्यांदाच आला होतात, हे त्यांना ठाऊक नाही. जूनमध्ये कॉलेज सुरू होतं. त्याआधी एकदा या, नाहीतर मी खोटी पडेन.

अक्षरा